नवा स्केटिंग बूट पायाला बसवताना

आमच्याकडं नवी चप्पल घरात आली की तिला आधी एरंडेल पाजायचं. माझं माहेर निपाणीकडचं. नाव कोल्हापुरी असलं तरी ती चप्पल निपाणी-अथणी भागातही पिढ्यान्‌पिढ्या बनते. 2019 मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांच्या जोडीला बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे आपल्याकडचे, कर्नाटकातले चार जिल्हेही त्यात आले. तर अशी चप्पल पहिले आठ दिवस चावणार, मग कातडं पायाचा आकार घेणार आणि पुढं काही बघायला नको, हे लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेलं.

हेच शहाणपण मी लेकीच्या पहिल्या इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या, स्केटिंगच्या बुटावर चालवलं. टाचेला लागतंय म्हणाली, तर मी आतून एरंडेल चोळलं आणि "घाल चार दिवस, होतंय सैल" म्हणून रिंकवर पाठवलं. चार दिवसांनी बूट होता तसाच होता. टाच मात्र सोलली होती, मोजे तेलकट झाले होते आणि बुटाला असा वास सुटला होता की तिच्या सरांनी लांबूनच विचारलं, "काय घालून आणलंय ह्यात?"

स्केटिंगच्या बुटाचं काम पायाला घट्ट धरून ठेवण्याचं. पाय जिकडं झुकेल तिकडं चाक झुकलं पाहिजे, मध्ये ढिलाई नको. म्हणून तळ आणि टाचेची वाटी कार्बनची, फायबरची नाहीतर टणक प्लास्टिकची असते. ती नुसत्या वापरानं सैल होत नाही. आतला फोम आणि वरचं कृत्रिम कातडं तेवढं थोडं दबतं. आज अंगठा दुमडतोय तर तो सहा महिन्यांनीही दुमडलेलाच राहणार. आज घोट्याच्या हाडाला लागतंय तर तिथं कुणीतरी मुद्दाम जागा करून द्यावी लागणार. आणि आज बूट सैल असेल तर फोम दबल्यावर तो आणखी सैल होणार.

बेळगावात पोरांना स्केटिंगला घालायची हौस दांडगी. दर सुट्टीला रिंकच्या कट्ट्यावर नवे आईबाप येऊन बसतात आणि मांडीवर बूट घेऊन तेच तेच विचारतात. सांगून सांगून जे तोंडपाठ झालंय ते इथं लिहिते.

पाय मोजणं

संध्याकाळी मोजा. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, आणि पोरं सरावाला जातात तीही बहुतेक संध्याकाळीच. फरशीवर कोरा कागद ठेवा, त्याची कड भिंतीला टेकवा, टाच भिंतीला लावून पोराला दोन्ही पायांवर सरळ उभं करा. बसून मोजलं की पाय आखूड येतो. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिल उभी धरून खूण करा. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं त्याच्या शेजारचं बोट पुढं असतं. मग चवड्याची रुंदी बघा, म्हणजे अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत. दोन्ही पाय मोजा. एखाद्या पायात चार-पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर घाबरू नका, बूट मोठ्या पायाच्या मापानं घ्या.

आकडा मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सहा नंबर, सदतीस नंबर ही मापं प्रत्येक कंपनीची आपापली असतात. पायाची लांबी 235 मिलिमीटर असेल तर कंपनीच्या तक्त्यात 235 पुढं काय लिहिलंय ते बघायचं आणि शाळेच्या बुटाचा नंबर विसरायचा.

आता वाढत्या मापाचं. गणवेश वाढत्या अंगाचा शिवायची आपली सवय. मला एका दुकानात सांगितलं होतं, "दोन नंबर मोठा घ्या वैनी, दोन वर्षं बघायला नको." मी घेतला, पुढं बोळे कोंबले, आणि पोरीची टाच प्रत्येक पावलाला वर-खाली घासत राहिली. वर सांगितली ती सोललेली टाच ह्याच बुटातली. म्हणजे चूक एरंडेलाच्याही आधी, दुकानातच झाली होती. लहान मुलासाठी पुढं पाच ते आठ मिलिमीटर जागा सोडली तर पुरे. नुकतंच शिकायला लागलेल्या, पाच-सहा वर्षांच्या पोराला बटण दाबून लांबी वाढवता येणारे प्लास्टिकचे स्केट घ्या. त्यात वाढीची सोय मुळातच असते आणि बूट ओव्हनमध्ये तापवून पायावर बसवायची, खाली लिहिलेली भानगडही नाही. उलट त्यांना ओव्हन दाखवूच नका.

दुकानात

ज्या मोज्यात स्केटिंग करणार तेच मोजे घालून जा. पाय आत घातला की आधी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागं बसवायची, मग बांधायचं. हा क्रम सगळे चुकतात. नुसता पाय सारून लेस ओढली की टाच पुढंच राहते आणि बूट आखूड वाटतो.

बांधून सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढं हलकी टेकली तर चालतं. गुडघे वाकवून स्केटिंगच्या बैठकीत आलं की टाच मागं सरकते आणि बोटं मोकळी झाली पाहिजेत. वाकल्यावरही बोट दुमडलेलं असेल तर तो बूट तिथंच ठेवा. मग टाच उचलून बघायला सांगा. वाकलेल्या गुडघ्यानं पुढं झोकलं तरी टाच बुटाच्या तळाला धरून राहायला हवी.

आतला मऊ बूट बाहेर निघत असेल तर आणखी एक परीक्षा आहे. तो काढून नुसत्या टणक खोळीत पाय घालायचा, बोटं पुढं टेकवायची आणि टाचेमागं किती फट राहते ते बोट घालून बघायचं. मोठ्या माणसाचं एक बोट, म्हणजे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, बरोबर. दोन बोटं आरामात गेली तर बूट मोठा. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू दे.

मोज्यांचंही इथंच सांगते. जाड सुती मोजा घातला की बूट मऊ वाटतो, पण सूत घाम पिऊन ओलं राहतं आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. पातळ, ताणून बसणारा नायलॉन-पॉलिएस्टरचा मोजा घ्या, घोट्याच्या वर जाणारा, आत जाड शिवण नसलेला.

पहिला आठवडा घरात

नवा बूट घालून लगेच रिंकवर दोन तास हे करू नका. घरात सतरंजी किंवा जुनी चादर चौपदरी अंथरा, म्हणजे चाकं पळत नाहीत. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, निम्मा वेळ बसून, निम्मा उभं राहून गुडघे वाकवत. मग बूट काढून मोजे उतरवा आणि पाय नीट बघा. लाल डाग दिसतीलच. पंधरा-वीस मिनिटांत ते गेले तर काही करायचं नाही, तो नुसता दाब आहे. त्यानंतरही राहिले, किंवा हात लावल्यावर पोर पाय ओढून घेत असेल, तर ती जागा पेननं पायावरच गोल करून ठेवा.

मुंग्या येणं, बोटं बधिर होणं हे वेगळं. बहुतेक वेळा पुढची लेस जास्त आवळलेली असते. ढिली करूनही मुंग्या येत असतील तर चवडा अरुंद पडतोय. "होईल सवय" म्हणून ते अंगावर काढायचं नसतं. तळव्यात गोळे येणं मात्र नव्या पोरांत नेहमीचं आहे, भीतीनं ती बोटांनी बूट पकडून ठेवतात. पाय सैल सोडायला शिकली की गोळे थांबतात.

लागतंय नेमकं कुठं?

पायावरचा लाल डाग बघून बुटात त्याच जागी बोट ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. बूट आतून काळा, खोल, आणि पाय आत गेला की सगळं सरकतं. त्यासाठी जुनी युक्ती म्हणजे दुखणाऱ्या हाडावर रंग लावून उघडा पाय बुटात घालायचा. बुटाच्या आत रंगाचा ठसा उमटतो, जागा सापडते.

मी ओलं कुंकू घेतलं. लेकीला पलंगावर बसवून घोट्याला टिकली एवढं लावलं तोच सासूबाई आतून आल्या. "अगं, कुंकू पायाला लावत्यात होय? आणि बुटात घालत्यात? ऊठ आधी!" करंडा उचलून घेऊन गेल्या. मग मी लिपस्टिक आणली, आणि खरं सांगायचं तर तिचा ठसा कुंकवापेक्षा चांगला उमटतो. थोडी जाडच लावायची, पाय सरळ आत घालायचा, टाच आपटायची, बांधायचं, दोनदा गुडघे वाकवायचे आणि पाय अलगद बाहेर काढायचा. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर आतल्या बाजूला घोट्याच्या जागेपेक्षा बोटभर खाली लाल अर्धचंद्र होता. मी इतके दिवस भलत्याच जागी कापूस लावत होते.

लागण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: घोट्याची दोन्ही हाडं, पावलाच्या आतल्या अंगाला कमानीच्या वर असलेलं टेंगूळ, करंगळीचं मूळ, अंगठ्याचं मूळ. सपाट पायाच्या पोरांना ते आतलं टेंगूळ हमखास लागतं, कारण पाऊल आत पडून हाड भिंतीला टेकतं. तिथं बूट फुगवण्याआधी कमानीला आधार देणारा पातळ इनसोल (बुटाच्या आत घालायचा सुटा तळ) घालून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

गरम करून बसवणं

हे सगळ्या बुटांना चालत नाही, हे आधी वाचा. स्पीडचे कार्बन-फायबरचे पुष्कळ बूट गरम केल्यावर मऊ होतात आणि गार होताना पायाचा आकार घेतात. काही बुटांत नुसता आतला फोम तसा असतो. साध्या प्लास्टिकच्या स्केटला हे नाही. बुटाबरोबरच्या कागदावर 'हीट मोल्डेबल' असं लिहिलेलं असेल आणि अंश-मिनिटं दिली असतील तरच पुढं जायचं, आणि कागदावर असेल तेच तापमान. साधारण 80-90 अंशांच्या आसपास आणि दहा ते वीस मिनिटं असं काहीसं असतं, पण माझा आकडा धरू नका, तुमच्या बुटाचा धरा.

शेजारच्या काकू म्हणाल्या, गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरीची भट्टी आहे की, द्या तिथं. बेकरीची भट्टी दोनशे अंशांच्या घरात चालते. बूट नानकटाई नव्हे, सोलचा गोंदच सुटेल. घरचा केकचा ओव्हन चालतो, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. आत ठेवायचं छोटं थर्मामीटर मिळतं, ते ठेवून रिकामा ओव्हन तापवून बघा. आमचा ओव्हन शंभरावर लावला की एकशे वीस दाखवतो. ज्या ओव्हनला शंभराच्या खाली येताच येत नाही, तो ह्या कामाचा नाही.

तयारी अशी. एलन कीनं (षटकोनी किल्लीनं) स्क्रू काढून फ्रेम, म्हणजे बुटाखालची चाकं धरणारी पट्टी, आणि चाकं सोडवा. बेअरिंगमधलं ग्रीस तापवायचं नाही. इनसोल काढा. लेस पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढून ठेवा, कारण गरम बुटात पाय घालताना वेळ नसतो. ओव्हन आधी ठरलेल्या तापमानाला आणा, मग एकच बूट, लाकडी पाटीवर, तापलेल्या सळ्यांपासून लांब. दर चार-पाच मिनिटांनी टाचेच्या दोन्ही बाजू बोटांनी दाबून बघा. थोडी दबायला लागली की झालं. रंगाला किंवा कातड्याला फुगे येताना दिसले तर लगेच बाहेर.

बाहेर काढल्यावर आतून हाताची उलटी बाजू लावा. तुमच्या हाताला सोसवत नसेल तर पोराच्या पायाला कसं सोसवेल? मिनिटभर थांबा. मग इनसोल परत, पातळ मोजा, पाय आत, टाच मागं आपटून बसवायची आणि लेस खालपासून वरपर्यंत सारखी ओढायची. नेहमीएवढीच आवळा. मऊ बुटात फार ओढली तर लेसची भोकं ताणली जातात. खुर्चीवर बसवून गुडघा काटकोनात, पाऊल सरळ, उठायचं नाही, चालायचं नाही. आता दोन्ही हातांनी टाचेच्या वरची खोलगट जागा आत दाबून धरा. टाच धरली गेली की निम्मं काम झालं. पंधरा मिनिटं तसंच. पोर कंटाळतं, म्हणून मी मोबाइल देते, ह्या एका कामासाठी.

बूट पूर्ण गार झाला की काढा, मग दुसरा. स्केटिंग दुसऱ्या दिवशी.

एवढं करूनही एखादं हाड लागत असेल तर सगळा बूट पुन्हा तापवायची गरज नाही. माझे दीर उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, कामाला आहेत, त्यांच्याकडं गरम हवा फेकणारी हीट गन असते. लिपस्टिकच्या ठशाएवढी जागाच बाहेरून गरम करायची, गन सतत हलती ठेवायची, आणि आतून लाटण्याचं गोल टोक घालून बाहेर दाबून धरायचं, गार होईपर्यंत. दोन-तीन मिलिमीटरचा फुगवटा आला तरी फरक जमीन-अस्मानाचा पडतो. केस वाळवायचं ड्रायर फोमच्या बुटाला पुरतं, कार्बनला सहसा पुरत नाही. लाटणं नंतर धुऊन ठेवा. सासूबाईंना कळू देऊ नका.

कातड्याचे क्वाड, म्हणजे पुढं दोन आणि मागं दोन चाकांचे बूट असतील तर गोष्ट वेगळी, तिथं आपलं चप्पलेचं ज्ञान थोडं कामाला येतं. कातडं रुंदीला सैल होतं, लांबीला नाही. चप्पल शिवणाऱ्या मामांकडं लाकडी फर्मे, म्हणजे पायाच्या आकाराचे ठोकळे असतात, करंगळीच्या जागी चामड्याची चकती लावून फर्मा दोन रात्री आत ठेवला की जागा होते. पण तेल नको, तिथंही नको. सोल चिकटवलेला असतो आणि तेल गोंदाचं वैरी.

फोडाची जागा आणि वडा

दुखतं तिथं कापूस, हे सगळ्यांचं होतं. पण बूट आधीच तिथं घट्ट असतो, कापूस घातला की आणखी घट्ट. करायचं उलटं. चार-पाच मिलिमीटर जाड फेल्ट किंवा फोम घ्या, उडीदवड्यासारखा गोल कापून मध्ये भोक पाडा, आणि दुखरं हाड त्या भोकात येईल असा पायाला चिकटवा. दाब वड्यावर जातो, हाड मोकळं राहतं. सिलिकॉनचा घोट्यावर चढवायचा पट्टाही मिळतो, तो घासण्यावर चांगला.

फोड आलाच तर फोडू नका, झाकून दोन दिवस सुट्टी. नखं सरळ कापा, सरावाच्या आदल्या रात्री. ऐन निघताना कापलेलं नख बुटात टोचतं.

लेस

चवड्यावर मोकळी, पावलाच्या वाकणावर घट्ट, वर बेताची. पोरं उलटं करतात. वर करकचून आवळतात आणि मग पायाच्या पुढच्या शिरेवर वळ उठतो. दहा मिनिटं स्केटिंग झाल्यावर एकदा थांबून लेस पुन्हा ओढा, कारण तोवर पाय बुटात बसलेला असतो.

फ्रेम

बूट बसला तरी पोराचा घोटा आत पडत असेल तर दोष फ्रेमच्या जागेचा असू शकतो. फ्रेमचे स्क्रू ज्या खाचांत असतात त्यात ती डावी-उजवी सरकते. सुरुवातीला टाचेचा मध्य आणि अंगठ्याशेजारच्या बोटाची रेघ धरून लावा. एका पायावर उभं करून मागून बघा. घोटा आत कलत असेल तर फ्रेम आतल्या अंगाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर, बाहेर कलत असेल तर बाहेर. एका वेळी एवढंच, आणि मध्ये दोन सराव जाऊ द्यात. स्क्रू पहिल्या आठवड्यात रोज तपासायचे, नवे स्क्रू हमखास ढिले होतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आमच्याकडं बाहेर काही वाळत नाही, बूट तर नाहीच. घामानं ओला बूट पिशवीत तसाच राहिला की दुसऱ्या दिवशी कुबट वास आणि आठवड्यात बोटांच्या बेचक्यांत खाज. घरी आल्यावर इनसोल बाहेर, लेस सैल, आणि कालचा 'तरुण भारत' चुरगळून आत. तासाभरानं कागद बदला, मग पंख्याखाली. चुलीजवळ, गिझरवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. गरम करून दिलेला आकार गरमीनंच बिघडतो.

पाय दर तीन महिन्यांनी पुन्हा त्याच कागदावर मोजा, खुणेशेजारी तारीख घालून. बूट आखूड झाला की तो धाकट्या चुलतभावंडाकडं जातो, ते ठरलेलंच. देताना एवढं सांगा की ह्या बुटात दुसऱ्याच्या पायाचे खड्डे आहेत. कागदावर परवानगी असेल तर तो पुन्हा तापवून नव्या पायावर बसवता येतो. आमचा जुना बूट मागच्या मे महिन्यात जावेच्या मुलाकडं गेला, आणि त्याच्या ओव्हनच्या दिवशी लिपस्टिक जावेनं सासूबाईंच्या समोरच काढली.